‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी जरा थांबा!

अपग्रेड झालं. रात्रभर टक्केवारी मोजत बसलेला कॉम्प्युटर सकाळी नव्या रूपात उघडला. नवा वॉलपेपर, नवा स्टार्ट मेन्यू, सगळं कसं चकाचक. तुम्ही खूश! दोन दिवसांनी प्रोजेक्टची सीडी राइट करायला घेता. ट्रे आत जातो, डिस्क फिरल्याचा आवाजही येतो आणि... काहीच नाही. ‘धिस पीसी’ उघडून बघता तर सी आहे, डी आहे, पण डीव्हीडीचा ई ड्राइव्ह गायब. जणू कधी नव्हताच.

मग तुम्ही काय करता? ग्रुपमधल्या त्या एका ‘कॉम्प्युटरवाल्या’ मित्राला फोन लावता. तो तुमचं बोलणं अर्धवट ऐकतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, ‘फॉरमॅट मार.’

परवा हेच माझ्या मावशीकडे घडलं. ती तालुक्याच्या गावी राहते. घरचा कॉम्प्युटर सहा वर्षांचा, असेंबल केलेला. मावसभाऊ सुट्टीत आला, नवी सिस्टिम टाकून देऊन परत गेला. काकांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या साठीच्या कार्यक्रमाची एक डीव्हीडी घरात आहे, त्यात ते पाचेक मिनिटं बोललेत. त्यांचा आवाज असलेली घरातली ती एकच गोष्ट. दरवर्षी त्यांच्या तिथीला मावशी ती लावते. यंदा लावायला गेली, तर ड्राइव्हच दिसेना. दुकानदाराने कॉम्प्युटर न उघडताच सांगितलं, ‘ड्राइव्ह गेलाय. नवीन बसवा, हजार-बाराशे होतील. नाहीतर फॉरमॅट मारून बघू, तीनशे रुपये.’

मावशीने मला फोन केला. ‘अरे, फॉरमॅट मारलं की फोटो जातात का रे सगळे?’

या प्रश्नावरूनच हा लेख लिहितोय. दोस्तांनो, माझं म्हणणं साधं आहे. कॉम्प्युटरचा बिघाड म्हणजे काही साडेसाती नव्हे. त्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते अर्ध्या तासात, एक रुपयाही खर्च न करता सापडू शकतं. फॉरमॅट मारल्यावर कधी कधी सगळं सुरू होतं, हे खरं आहे. पण बिघाडासोबत त्याचं कारणही पुसलं जातं. तुम्ही काहीच शिकत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीनशे रुपये घेऊन त्याच काउंटरवर उभे राहता. मध्ये कुणाचे फोटो गेले, कुणाचं सबमिशन गेलं, तर ते वेगळंच.

माणूस गेला, नियम राहिला

आधी एक गैरसमज काढून टाकू. ड्राइव्ह दिसत नाही म्हटलं की आपण लगेच ‘ड्रायव्हर डाउनलोड’ शोधत सुटतो. मग कुठल्या तरी भलत्याच साइटवरून ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं काहीतरी उतरवून घेतो आणि एकाचे तीन प्रॉब्लेम करून ठेवतो. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला सहसा कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. तो विंडोजच्या पोटातच असतो. त्यामुळे जे मुळात बाहेर मिळत नाही, ते शोधत बसू नका.

मग अडतं कुठे? समजा, तुमच्या सोसायटीच्या गेटवर एक माणूस बसवलाय. येणाऱ्याने त्याच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि मगच आत जायचं. एक दिवस तो माणूस नोकरी सोडून गेला. पण नियम कुणी बदललाच नाही. आता पोस्टमन आला तरी वॉचमन म्हणतो, ‘त्यांची नोंद दाखवा.’ नोंद करणारा माणूसच नाही, मग पोस्टमन बाहेरच!

सीडी राइट करणारी, गाणी कॉपी करणारी, खोटा म्हणजे व्हर्च्युअल ड्राइव्ह तयार करणारी सॉफ्टवेअर्स नेमकी अशीच ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये येऊन बसतात. त्यांना ‘फिल्टर’ म्हणतात आणि त्यांची नावं विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदींमध्ये लिहिलेली असतात. अपग्रेड होताना जुनं सॉफ्टवेअर चालेनासं होतं किंवा निघून जातं, नोंद मात्र तशीच राहते. विंडोज त्या हरवलेल्या माणसाला हाका मारत बसतं, तो येत नाही आणि तुमचा धडधाकट ड्राइव्ह गेटबाहेर उभा राहतो.

आधी बघा, मग हात लावा

आता कामाचं बोलू. एक वही घ्या. होय, वहीच. जे जे कराल ते त्यात लिहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम केल्यात आणि ड्राइव्ह सुरू झाला, तर तो कशामुळे सुरू झाला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पहिला प्रश्न, ड्राइव्ह जिवंत आहे का? बटण दाबल्यावर ट्रे बाहेर येतो का? लाइट लागतो का? लागत असेल, तर त्याला वीज तरी मिळतेय. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये शिरा आणि जोडलेल्या ड्राइव्हच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा. तिथेच नाव नसेल, तर विंडोजला दोष देऊन उपयोग नाही. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, कॅबिनेट उघडा आणि मागची डेटा केबल आणि पॉवर केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. धूळ आणि सैल केबल यांनी आजवर कित्येक ड्राइव्ह उगाचच ‘मेलेले’ ठरवलेत.

याहून पक्की परीक्षा हवी असेल, तर पेन ड्राइव्हवर उबुंटू घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसता ‘ट्राय’चा पर्याय निवडून कॉम्प्युटर त्यावर सुरू करा. तिथे डिस्क उघडली, तर तुमचा ड्राइव्ह ठणठणीत आहे. बिघाड विंडोजमध्ये आहे, नवीन ड्राइव्हचे पैसे वाचले. एवढी एक चाचणी केली, तरी दुकानदाराशी बोलताना तुमचा आवाज बदलतो, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरा प्रश्न, विंडोज काय म्हणतंय? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. डीव्हीडी ड्राइव्हच्या नावापुढे पिवळी खूण दिसतेय? त्यावर डबल क्लिक करा. तिथे एक कोड लिहिलेला असतो, तो वहीत उतरवून घ्या. कोड १९ म्हणजे रजिस्ट्रीतली माहिती अर्धवट किंवा बिघडलेली आहे. कोड ३१ म्हणजे विंडोजला लागणारे ड्रायव्हर लोड होत नाहीयेत. ३२ म्हणजे त्या ड्रायव्हरची सेवा बंद करून ठेवलीय. आणि ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब झालाय किंवा सापडतच नाहीये. बघा, कॉम्प्युटर स्वतःच सांगत असतो की त्याला काय होतंय. आपणच विचारत नाही.

तिसरी गोष्ट, सगळ्यात सोपा उपाय. त्याच ठिकाणी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. घाबरू नका, विंडोज सुरू होताना ड्राइव्हला पुन्हा ओळखून आपला ड्रायव्हर आपणच बसवतं. काहींचं काम एवढ्यावरच होतं.

आणि बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतोय, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचं नावच नाही, असं असेल तर? मग मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून तुमच्या मॉडेलचा चिपसेट ड्रायव्हर घ्या. ड्राइव्ह ज्या रस्त्याने विंडोजपर्यंत येतो, तो रस्ताच कधी कधी अपग्रेडमध्ये खचलेला असतो.

रजिस्ट्रीत शिरताना

पिवळी खूण तशीच असेल, तर आता त्या गेलेल्या माणसाचं नाव खोडायचं. इथे मात्र मस्ती नको. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचा सातबारा. एक चुकीची नोंद खोडली, तर अख्खं घरच अडचणीत येतं.

स्टार्टमध्ये ‘रेजएडिट’ टाइप करून उघडा. डावीकडे लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं उतरत जा. तिथे कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या नावांची रांग दिसेल. आपल्याला हवं असलेलं नाव ‘४डी३६ई९६५’ने सुरू होतं. त्यावर क्लिक केल्यावर उजवीकडे ‘क्लास’ या नोंदीपुढे ‘सीडीरॉम’ लिहिलेलं दिसलं पाहिजे. ते दिसलं नाही, तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. याच रांगेत कीबोर्डचंही घर आहे आणि तिथेही ‘अप्परफिल्टर्स’ नावाचीच नोंद असते. ती उडवलीत तर कीबोर्डच बंद पडतो. म्हणून दोनदा बघा.

घर बरोबर असेल, तर आधी ‘फाइल’ मेन्यूतून ‘एक्सपोर्ट’ करून त्याची प्रत डेस्कटॉपवर ठेवा. मग उजवीकडच्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोनच नोंदी डिलीट करा. दोन्ही असतीलच असं नाही. जी असेल ती काढा, बाकी कशालाही हात लावू नका. रीस्टार्ट करा. नंतर एखादं सीडी राइट करायचं किंवा गाण्यांचं सॉफ्टवेअर कुरकुर करायला लागलं, तर त्याची नवी आवृत्ती पुन्हा इन्स्टॉल करा.

मावशीच्या कॉम्प्युटरवर कोड ३९ होता. सीडी राइट करायचं एक जुनं सॉफ्टवेअर मावसभावाने काढून टाकलं होतं, नोंद मात्र राहिली होती. फोनवरून सांगत सांगत आम्ही ती काढली. मावशी एकेक अक्षर वाचून दाखवायची, मी ‘हो, पुढे’ म्हणायचो. तिने एमएस-सीआयटी केलेलं आहे, पण डिव्हाइस मॅनेजर त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. पाऊण तास लागला. ड्राइव्ह परत आला.

ड्राइव्ह दिसतो, पण पिक्चर लागत नाही

हा प्रकार वेगळा आहे आणि इथे ड्राइव्हचा काहीच गुन्हा नाही. विंडोज ७च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये डीव्हीडी पिक्चर बघायची सोय होती. विंडोज ८पासून ती मूळ सिस्टिममधून काढली गेली आणि विंडोज १०मध्ये तर मीडिया सेंटरलाच निरोप मिळाला. म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स दिसतात, डेटा कॉपी होतो, पण पिक्चर चालत नाही. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डीव्हीडी प्लेयर अॅप आहे, पण अनेकांना ते विकत घ्यावं लागतं.

घेऊ नका. व्हीएलसी टाका. फुकट आहे आणि त्याची गोष्ट तर तुम्हाला आवडेलच. १९९६ साली पॅरिसच्या एकोल सेंत्राल या इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांनी एक प्रोजेक्ट सुरू केला, त्यातून हा प्लेयर जन्माला आला. २००१मध्ये त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आपले प्रोजेक्ट व्हायव्हा संपला की कपाटात जातात. त्यांचा जगभरच्या कॉम्प्युटरवर पोचला.

जुना गेम चालत नाही? तर तिथेही ड्राइव्हला मारू नका. काही जुन्या गेम्सच्या डिस्कवर ‘सेफडिस्क’ नावाची कॉपीविरोधी यंत्रणा असते. तिला लागणारा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणावरून विंडोज १०मधून काढून टाकलाय. तुमच्याकडची डिस्क अस्सल असली, तरी गेम उघडणार नाही.

आणि सीडी वाचली जाते पण डीव्हीडी नाही, किंवा उलट? मग मात्र ड्राइव्हकडे संशयाने बघा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५०चा. त्यातला एक थकला, तर अर्धाच ड्राइव्ह चालतो. हा बिघाड सॉफ्टवेअरचा सहसा नसतो. इथे दुकानदार खरं बोलत असण्याची शक्यता जास्त!

फुकट म्हणजे किती फुकट?

आता थोडं कडू बोलतो. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ला. विंडोज ७ आणि ८.१वाल्यांना वर्षभर फुकट. ती मुदत २९ जुलै २०१६ला संपली. मधल्या काळात अपग्रेडची ती खिडकी आपल्या स्क्रीनवर किती वेळा आली असेल, आठवा. नंतर नंतर तर फुली मारून खिडकी बंद केली, तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. त्यावरून जगभर आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे कंपनीने ते बदललं.

डीव्हीडीची सोय जाणार, हे कंपनीने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. विंडोज १०च्या माहितीपानावर काय काय जाणार याची यादी होती आणि त्यात डीव्हीडीसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागेल हेही होतं. सोय का काढली, याचंही कारण होतं. प्रत्येक कॉपीमागे रॉयल्टी द्यावी लागते आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. हे सगळं मान्य. पण ‘आत्ता अपग्रेड करा’ असं मोठ्या अक्षरात सांगणाऱ्या खिडकीतच, तेवढ्याच अक्षरात, ‘तुमच्या या कॉम्प्युटरवर आता अमुक गोष्ट चालणार नाही’ असं सांगायला काय हरकत होती? जे मिळणार ते ठळक आणि जे जाणार ते तळाशी, हा व्यवहार मला पटत नाही.

आणि आपण? आपणही ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करणारेच. फोनवरचं अॅप असो की हॉस्टेलचा फॉर्म, वाचतो कोण? अपग्रेड करून पस्तावलात, तर जुन्या सिस्टिमवर परत जायची सोय असते. पण तिला आधी ३० दिवसांची मुदत होती, ऑगस्ट २०१६मधल्या अॅनिव्हर्सरी अपडेटनंतर ती १० दिवसांवर आली. हे किती जणांना माहीत होतं? म्हणून यापुढे कुठलंही मोठं अपग्रेड करण्याआधी तीन कामं करा. फाइल्सचा बॅकअप घ्या, सीडी राइट करणारी आणि व्हर्च्युअल ड्राइव्हची सॉफ्टवेअर्स आधी नीट अनइन्स्टॉल करा आणि काय काय जाणार आहे ते वाचा.

‘सीडी कोण वापरतं हल्ली?’

हे तुम्ही म्हणणार, मला माहीत होतं. बरोबर आहे. १९८२मध्ये बाजारात आलेली ही चकती आता निवृत्तीला आलीय. पण घरातलं कपाट उघडा. ताईच्या लग्नाच्या डीव्हीडी, शाळेचं गॅदरिंग, बाबांचा एमआरआय, तुमच्या बारशाची व्हिडिओ कॅसेटवरून करून घेतलेली सीडी. ते सगळं अजून तिथेच आहे. घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये एका रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो बिघडत जातो. कोकणातल्या घरात दोन-चार पावसाळे काढलेली डिस्क एकदा उजेडात धरून बघा, म्हणजे कळेल.

म्हणून ड्राइव्ह परत मिळाला की पहिलं काम हेच करा. घरी राइट केलेल्या डिस्क आधी कॉपी करा, विकतच्या नंतर. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. सीडीची लेबलची बाजू जपा, डेटाचा थर तिथेच लगेच खाली असतो. एका साध्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी मावतात, म्हणजे १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तीन डिस्क सहज बसतात. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी.

ड्राइव्ह उद्या जाईलच. पण ‘नेमकं काय बिघडलंय’ हे विचारायची सवय जाणार नाही. पुढच्या वेळी प्रिंटर रुसेल, वायफाय दिसेनासं होईल, आवाज बंद पडेल. वही तीच, पद्धत तीच. आणि मग ग्रुपमधला तो ‘कॉम्प्युटरवाला’ मित्र तुम्हीच असाल. तेव्हा कुणी फोन केला, तर कृपा करून ‘फॉरमॅट मार’ म्हणू नका. आधी विचारा, ‘कोड कितीचा दाखवतोय?’

काकांच्या डीव्हीडीच्या आता तीन प्रती आहेत. त्यातली एक माझ्याकडे आहे. मावशीने मागच्या आठवड्यात पुन्हा फोन केला होता. शेजारच्या वहिनींचाही ड्राइव्ह दिसत नाहीये म्हणाली, आणि तो कोड कुठे बघायचा ते तिने त्यांना आधीच सांगितलं होतं.